पोळ्याचे वडे कोणत्या तेलात तळायचे?

पोळा आठ दिवसांवर आला की आमच्या गावातल्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्यापेक्षा तेलाचं बोलणं जास्त होतं. मागच्या पोळ्याआधी एका काकूंनी मला सरळ विचारलं, "ताई, वडे तयाले कोनतं तेल आनू? फल्लीचं परवडत नाई, अन् सोयाबीनचा लय फेस येते. टीवीवर तं रोज नवंच सांगतेत." फल्ली म्हणजे शेंगदाणा. मी गृहविज्ञान शिकलेली, म्हणून असे प्रश्न माझ्याकडे येतात. त्या दिवशी घाईत अर्धंच उत्तर दिलं. ते पूर्ण करायचं राहून गेलं होतं.

प्रश्न साधा नाही. १४ सप्टेंबर २०२४ ला केंद्र सरकारनं कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावर २० टक्के आयात शुल्क लावलं आणि ऐन सणासुदीत पाकिटाचा भाव चढला. मे २०२५ च्या शेवटी तेच शुल्क १० टक्क्यांवर आणलं. मध्ये फेब्रुवारीत पंतप्रधानांनी लठ्ठपणावर बोलताना सांगितलं की घरातलं तेल १० टक्क्यांनी कमी करा. एकीकडे भाव, दुसरीकडे डॉक्टरांचं कोलेस्टेरॉल, तिसरीकडे मोबाइलवर फिरणारे "रिफाइंड म्हणजे विष" असे व्हिडिओ. अशा वेळी किराणा दुकानात उभ्या असलेल्या बाईनं कोणाचं ऐकायचं?

मी सांगते ते आधी थोडक्यात. तळायला तेल निवडताना फक्त "हृदयाला चांगलं" एवढं बघून भागत नाही, ते कढईत टिकतं का हेही बघावं लागतं. आणि कोणतंही तेल घेतलं तरी किती खातो आणि कितीदा तापवतो, यावर जास्त अवलंबून आहे. आता कारणं.

तुराट्या आणि पऱ्हाट्या

कोणतंही तेल बारीक बारीक लांब धाग्यांचं बनलेलं असतं. काही धागे सरळ असतात, काही वाकलेले. आपल्या अंगणातली ओळखीची गोष्ट घ्या. तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांची, मोळी बांधली की ती घट्ट बसते, त्यांचा कूडही उभा करता येतो. पऱ्हाट्यांचं, म्हणजे कापसाच्या काड्यांचं, तसं नाही. फांद्या वाकड्यातिकड्या, कितीही दाबा, मध्ये पोकळी राहतेच. सरळ धाग्यांचं तेल असंच घट्ट बसतं, म्हणून डालडा घट्टच असतो आणि थंडीत खोबरेल व पामतेल थिजतं. वाकड्या धाग्यांचं तेल पातळ राहतं, म्हणून सोयाबीनचं तेल पौषातही ओतता येतं.

सरळ धाग्यांना संपृक्त चरबी म्हणतात, वाकड्यांना असंपृक्त. सरळ धागे जास्त खाल्ले की रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. त्यांच्या जागी वाकडे धागे आले की ते उतरतं, हे आता पक्कं माहीत आहे. मग सगळ्यात वाकडं तेल घ्यावं आणि मोकळं व्हावं, असं वाटेल. अडचण कढईत येते.

प्रत्येक वाक म्हणजे त्या धाग्याची कमजोर जागा. तेल तापलं की हवेतला ऑक्सिजन नेमका तिथे येऊन चिकटतो, धागा तुटतो, तुकडे एकमेकांना जुळतात, तेल खराब होतं. ज्या धाग्याला एकच वाक, तो बऱ्यापैकी टिकतो. दोन वाक असतील तर लवकर बिघडतो, तीन असतील तर फारच लवकर. शरीराला वाकडे धागे मानवतात, कढईला सरळ. तळायचं तेल निवडणं म्हणजे या दोघांची समजूत घालणं. एक वाक असलेले धागे ज्यात जास्त, ते तेल दोघांनाही चालतं.

जवसाचं तेल खायचं की दाराला लावायचं?

आपल्याकडे जवसाचं तेल पिढ्यान् पिढ्या खाल्लं गेलं. तेच तेल सुतार दाराच्या चौकटीला लावतो. चार-पाच दिवसांत ते वाळून लाकडावर कडक, चकचकीत थर धरतं. पाणी वाळतं तसं ते उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन ओढून घेऊन घट्ट होतं. जवसात निम्म्याहून जास्त धागे तीन वाकांचे, म्हणून हे इतक्या लवकर घडतं.

आता आपली तळणाची कढई उचलून काठाखाली बघा. तिथे पिवळसर तपकिरी चिकट पट्टा असतो, राखेनं घासला तरी निघत नाही, नखाला रबरासारखा लागतो. दाराच्या चौकटीवर घडतं तेच तिथे घडलेलं असतं. कढईच्या काठावर तेलाचा थर पातळ, आच जास्त आणि हवा भरपूर. तो पट्टा जितका लवकर धरतो, तितकं ते तेल तळायला कच्चं.

म्हणून जवसाचं तेल तळायला कधीच नको. ताजं घाण्याचं असेल तर चटणीवर, ठेच्यावर, गरम भाकरीवर कच्चं घ्या. शाकाहारी घरात ओमेगा-३, म्हणजे हेच तीन वाकांचे धागे, मिळण्याची ती फार चांगली वाट आहे. जास्त तापवलं की तो गुण घटतो.

धूर निघाला म्हणजे काय झालं?

ज्या तापमानाला तेलातून सतत निळसर धूर निघू लागतो, तो त्याचा धूरबिंदू. वडे, भजी, पुऱ्या साधारण १६० ते १९० अंशांत तळल्या जातात. रिफाइंड फल्ली किंवा सोयाबीन तेल २२० ते २३० अंशांच्या आसपास धूर सोडतं. घाण्याचं, रिफाइंड न केलेलं फल्लीतेल १६० च्या आसपासच सोडू लागतं. जवसाचं तर १०७ अंशांनाच.

पण धूरबिंदू उंच म्हणजे तेल तळायला चांगलं, हा हिशेब अर्धाच. सोयाबीनचा धूरबिंदू उंच आहे, तरी त्यात दोन आणि तीन वाकांचे धागे भरपूर, म्हणून कढईत दोन-तीनदा वडे सोडून काढले की फेस धरू लागतो. काकूंची फेसाची तक्रार अगदी खरी होती.

मग दुकानातलं कोणतं?

रिफाइंड फल्लीतेल तळणासाठी मला सगळ्यात जास्त पटतं. त्यात जवळपास निम्मे धागे एका वाकाचे, तीसेक टक्के दोन वाकांचे आणि वीसच्या आत-बाहेर सरळ. कढईत टिकतं, चव आपल्या जिभेची, वडा कोरडा निघतो. अडचण भावाची.

ते झेपत नसेल तर सरकीचं तेल बघा. आपल्याच कापसाच्या बोंडातली सरकी. ढेप बैलाला, तेल माणसाला. सरळ धागे पंचवीस टक्क्यांच्या आसपास, तीन वाकांचे जवळजवळ नाहीतच, म्हणून सोयाबीनपेक्षा तळणात बरं टिकतं. फरसाणवाले ते वापरतात, ते यामुळेच. एकच अट, सरकीचं तेल नेहमी रिफाइंड केलेलंच. सरकीत गॉसिपॉल नावाचं अपायकारक द्रव्य असतं, ते कच्च्या तेलात उतरतं आणि रिफाइंड करतानाच निघतं. गावात कोणी सरकी गाळून कच्चं तेल देत असेल तर ते खाण्यात आणू नका.

गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातल्या वाचकांनी राइस ब्रॅनकडे, म्हणजे तांदळाच्या कोंड्याच्या तेलाकडे जरूर बघावं. चाळीस टक्क्यांच्या वर धागे एका वाकाचे, शिवाय ओरायझॅनॉल नावाचं द्रव्य त्या तेलाला लवकर खराब होऊ देत नाही. वास नाही, चव नाही, हे काहींना आवडत नाही. मला तळणाला ते फल्लीच्या खालोखाल वाटतं.

सोयाबीन रोजच्या फोडणीला उत्तम आणि स्वस्त. तळायचं झालं तर थोडं घ्या, एकदाच तळा, उरलेलं भाजीत संपवा. सूर्यफूल आणि करडई यांचंही असंच, कारण नेहमीच्या करडईत दोन वाकांचे धागे सत्तर टक्क्यांच्या वर असतात. भाजीला छान, मोठ्या तळणाला नाही.

पामतेलाबद्दल लोक फार टोकाचं बोलतात. ते विष नाही. कढईत ते भक्कम टिकतं आणि सगळ्यात स्वस्त पडतं, हेही खरं. २०२२ च्या दिवाळीत रेशनवर शंभर रुपयांत मिळालेल्या "आनंदाचा शिधा" पिशवीत एक लिटर पामतेलच होतं. पण त्यात निम्म्याच्या आसपास धागे सरळ आहेत. सणाला दोनदा तळलं तर कोणाचं काही बिघडत नाही. रोजच्या भाजीत मात्र नको, कारण बिस्किट, शेव, चिवडा, बसस्टँडवरचा आलूबोंडा यांतून ते आपल्या पोटात आधीच भरपूर जातं. बिस्किटाच्या पुड्यावर "पामोलीन" किंवा "पामतेल" शोधा, सापडेल.

डालडा मात्र करंजीच्या मोहनालासुद्धा पारखून घ्या. जुन्या पद्धतीच्या वनस्पती तुपात ट्रान्स फॅट तयार होत असे. ही चरबी वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगलं कमी करते, म्हणजे दोन्हीकडून मार. १ जानेवारी २०२२ पासून अशा चरबीत ती २ टक्क्यांपेक्षा जास्त असायला बंदी आहे. पाकिटावर आकडा छापलेला असतो, वाचा. सुटा, नाव नसलेला डालडा घेऊ नका.

"रिफाइंड म्हणजे केमिकलच ना?"

हा प्रश्न दर बैठकीत येतो, आणि तो विचारणाऱ्याला हसून गप्प करू नये. सोयाबीनच्या दाण्यात तेल असतं जेमतेम १८ ते २० टक्के. एक क्विंटल सोयाबीनमागे १८ किलोच्या आसपास. घाण्यात ते नीट निघत नाही, म्हणून हेक्झेन नावाच्या द्रावकात ते उतरवतात आणि मग द्रावक वाफेनं उडवून लावतात. नंतर कॉस्टिक सोड्यानं आंबटपणा काढतात, खास मातीतून गाळून रंग काढतात आणि शेवटी जोराच्या वाफेनं वास काढतात. यात काही चांगली द्रव्यं कमी होतात, हे खरं. पण खवटपणा, बुरशीचं विष, गॉसिपॉल हेही निघून जातं. धूरबिंदू वाढतो. तळणासाठी याचा फायदाच होतो.

घाण्याच्या तेलाची बाजू मला मनापासून पटते. फल्लीच्या दाण्यात ४५ ते ५० टक्के तेल असतं, घाण्यात ते सहज निघतं आणि सुगंध तर विचारूच नका. पण दाणे पावसात भिजलेले, काळपटलेले, बुरशी धरलेले असतील तर त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तेलात उतरू शकतं, आणि ते यकृताला फार वाईट. रिफाइंड करताना ते निघतं, घाण्यात निघत नाही. म्हणून घाण्यावर जायचं तर स्वतःचे, वाळवलेले, हातानं निवडलेले दाणे न्या. आणलेलं तेल दोन दिवस स्थिर ठेवा, वरचं निवळ ओतून घ्या. तळाचा गाळ कढईत गेला की तोच आधी जळतो. आणि असं तेल मध्यम आचेवरच, थोड्या वड्यांसाठी. मोठ्या पंगतीच्या तळणाला रिफाइंडच बरं.

"आमच्या आजीनं जन्मभर जवसाचंच खाल्लं"

खरं आहे. माझ्याही आजीनं खाल्लं. ती जवसाचं तेल आधी कडवायची, म्हणजे उग्र वास जाईपर्यंत तापवायची, आणि मग फोडणीला घ्यायची. पण तिचं तेल गावच्या घाण्यावरून आठवड्यापुरतं यायचं. पळीनं नाही, बारीक धारेनं पडायचं. कढई चढायची पोळ्याला, दिवाळीला, घरी पाहुणा आला तर. वडाभातावर फोडणीचं तेल ओतायचं तेही सणालाच. आता आठवड्यातून तीनदा भजी होतात, पोहे तर्रीशिवाय उतरत नाहीत, मुलाच्या हातात रोज कुरकुऱ्याचं पाकीट असतं. आजीला नुसत्या तेलाच्या जातीनं सांभाळलं नाही. ते तेल तिच्या पोटात कमी जायचं.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की वरून घालायचं तेल-तूप मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २७ ते ३० ग्रॅम पुरे. चौघांच्या घराला महिन्याला सव्वातीन-साडेतीन किलो. देशाची सरासरी मात्र माणशी वर्षाला १९ किलोच्या आसपास गेली आहे, म्हणजे चौघांमागे महिन्याला सहा किलोच्या वर, बाहेरचं खाणं धरून. आपल्या घरात डबा किती दिवसांत संपतो, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक महिना लिहून बघा.

परवडण्याचा हिशेब

समजा स्वस्त तेल १४० रुपये किलो आहे आणि फल्लीचं १९०. स्वस्त तेल महिन्याला पाच किलो लागलं तर ७०० रुपये. फल्लीचं साडेतीन किलो घेतलं तर ६६५. भाव तुमच्या दुकानातला घाला, रीत हीच. याहून बरं म्हणजे घरात दोन तेलं ठेवा, रोजच्या फोडणीला सोयाबीन आणि तळणापुरतं अर्धा-एक लिटर फल्ली, राइस ब्रॅन किंवा सरकी. पोषण संस्थाही एकाच तेलावर न राहता आलटूनपालटून वापरा असंच म्हणते.

लिटर आणि किलोमध्ये फार जण फसतात. एक लिटर तेल वजनाला सुमारे ९१० ग्रॅम भरतं. १५० रुपयांचं एक लिटरचं पाकीट किलोमागे १६५ ला पडतं, म्हणजे शेजारचं १६० रुपये किलोचं तेल त्याहून स्वस्त आहे. डब्याचंही तेच. १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या वर थोडं, १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटर. काही पाकिटं दिसायला लिटरची असतात आणि आत ८५०-८७० ग्रॅम निघतं. ग्रॅमचा आकडा वाचून, भागाकार करूनच घ्या. शाळेतल्या पोराला करायला लावा, त्याचंही गणित पक्कं होईल.

पुड्यावर मोठ्या अक्षरांत "फल्ली" आणि कोपऱ्यात बारीक "ब्लेंडेड" असेल तर ते मिश्र तेल आहे. त्यात कमीत कमी असलेलं तेलही २० टक्के असायला हवं असा नियम आहे, पण फल्ली किती आहे ते वाचूनच कळेल. "कोलेस्टेरॉल नाही" या शब्दांना पैसे मोजू नका. कोणत्याच बियांच्या तेलात ते नावापुरतंही नसतं. सुट्टं तेल विकायला कायद्यानं बंदी आहे, ती उगाच नाही. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं आणि साठाहून जास्त माणसं गेली.

मला एक गोष्ट मात्र बोचते. आपल्या घरात पिकतं सोयाबीन आणि आपणच तेल विकत घेतो. बाहेरचं तेल स्वस्त झालं की किराणा हलका होतो आणि बाजार समितीत सोयाबीनचा भाव पडतो. देशाला लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, इंडोनेशिया-मलेशियाचं पाम, अर्जेंटिना-ब्राझीलचं सोयाबीन. म्हणून शुल्क वाढल्याची बातमी आली की शेतकऱ्याच्या घरात एकाच वेळी बरंही वाटतं आणि वाईटही.

कढईपाशी

दोन वर्षांपूर्वीच्या पोळ्याला आमच्याकडे भरड्याचे वडे तळले आणि उरलेलं तेल बरणीत गेलं. तान्ह्या पोळ्याला त्यातच नवं तेल ओतून पुऱ्या झाल्या, पुढे चार दिवस भजी. पाचव्या दिवशी तेल गुळाच्या पाकासारखं काळपट दिसत होतं, फेस कढईच्या काठापर्यंत चढला आणि उतू जाऊन शेगडीवर सांडला. सासूबाईंच्या मनगटावर चटका बसला. शिकलेली मी, आणि "थोडं नवं टाकलं की चालतं" म्हणत होते. चालत नाही. जुन्या तेलातले तुटलेले धागे नव्या तेलालाही लवकर तोडतात, विरजणासारखं.

हॉटेलांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे की तेलातली बिघडलेली द्रव्यं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते फेकायचं, आणि एकच तेल तीनदाच्या वर वापरू नये असा त्यांचा सल्ला. पोषण संस्था घरासाठी याहून कडक सांगते. एकदा तळलेलं तेल गाळा, पुन्हा तळू नका, एक-दोन दिवसांत भाजीत संपवा. माझ्या घरी आता हेच चालतं.

त्यासाठी कढई लहान आणि खोल घ्या, तेल कमी लागतं. पिठाचा थेंब टाकून बघा. तळाशी जाऊन लगेच बुडबुड्यांसकट वर आला तर तेल तयार. तळाशीच बसला तर थंड आहे, वडे तेल पितील. पडताक्षणी करपला तर आच कमी करा. सोडा बेतानं, कारण सोड्यानं भजी जाळीदार होतात आणि तेवढंच तेल आत ओढतात. भरडा भिजवताना पाणी कमी ठेवा, पाण्यानं तेल फुटतं आणि लवकर आंबतं. वडे झाऱ्यावर निथळा, मग चाळणीत पसरा. वर्तमानपत्रावर नको, शाई अन्नाला लागते.

गॅस बंद केल्यावर तेल लोखंडी कढईत रात्रभर राहू देऊ नका. थंड झालं की सुती फडक्यातून गाळून स्टीलच्या झाकणाच्या डब्यात ओता, चुलीपासून आणि उन्हापासून लांब ठेवा. पितळेचं-तांब्याचं भांडं तर नकोच, त्या धातूनं तेल लवकर खवटतं.

आणि जे खरंच काळं, घट्ट, उग्र झालं आहे, ते नालीत ओतू नका, नाली तुंबते. गुरांच्या ढेपेतही मिसळू नका. आमच्याकडे ते एका जुन्या बाटलीत साठतं. बिजागऱ्यांना, विळ्या-कुऱ्हाडीच्या पात्याला पुसायला आणि ओसरीवरच्या कंदिलाजवळच्या पणतीला तेवढं पुरतं.